करार संपतो, विद्या उरते का?

पुणे-नाशिक महामार्गावरील चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात, बजाज ऑटोच्या कारखान्यात ऑस्ट्रियाच्या केटीएम आणि ब्रिटनच्या ट्रायम्फ या नावांच्या मोटारसायकली तयार होतात आणि देशोदेशी जातात. १९६० मध्ये याच कंपनीने इटलीच्या पियाजिओशी करार करून, तिच्या आराखड्यांवरहुकूम स्कूटर बनवण्यास प्रारंभ केला होता. परक्याचे आराखडे घेऊन उत्पादन करणे आणि परक्यांबरोबर बसून नवे उत्पादन घडवणे, या दोहोंमधील अंतर कापायला कंपनीला जवळपास अर्धे शतक लागले. हे अंतर सगळ्यांनाच कापता आले असे नाही. त्याच काळात, तशाच प्रकारचे परदेशी करार केलेल्या काही कंपन्या मागे पडल्या, काही नावापुरत्या उरल्या, तर काहींनी भरघोस नफा मिळवूनही तंत्रज्ञानासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे सोडले नाही.

व्यावसायिक भागीदारीमुळे कंपनीची तांत्रिक क्षमता वाढते, हे विधान व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार आढळते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. भागीदारीतून तंत्रज्ञान मिळते. क्षमता मात्र मिळत नाही, ती कमवावी लागते. भारतीय दुचाकी उद्योगाचा गेल्या सहा दशकांचा इतिहास हे जितक्या स्पष्टपणे दाखवतो, तितके क्वचितच दुसरे कोणते उदाहरण दाखवील.

आराखड्यातले ज्ञान, हातातले ज्ञान

दोन कंपन्यांमधील सहकार्याचे ढोबळमानाने चार प्रकार आढळतात. पहिला तांत्रिक सहकार्याचा करार. यात एक कंपनी आराखडे, उत्पादनाच्या पद्धती आणि काही काळ आपले तंत्रज्ञ पुरवते, दुसरी त्यापोटी ठरावीक शुल्क किंवा विक्रीवर रॉयल्टी देते. दुसरा संयुक्त उपक्रम. त्यात दोघे मिळून नवी कंपनी स्थापन करतात आणि भागभांडवल वाटून घेतात. तिसऱ्या प्रकारात एक कंपनी दुसरीच्या भांडवलात हिस्सा विकत घेते. चौथ्या प्रकारात भांडवलाचा संबंध नसतो, पण दोघे मिळून एखादे उत्पादन विकसित करतात आणि ते कोणी बनवायचे, कोणी कुठे विकायचे याची वाटणी करतात.

करार कोणताही असो, त्यातून येणारे ज्ञान दोन पातळ्यांवर असते. एखादा भाग कोणत्या मापाचा, कोणत्या धातूचा, किती तापमानाला तापवून तयार करायचा, हे आराखड्यावर लिहिता येते. ते कागदावर मावते म्हणून विकताही येते. परंतु तो भाग त्याच मापाचा का असावा, धातू बदलला तर काय बिघडेल, इंजिनाची क्षमता वाढवायची झाल्यास आणखी काय काय बदलावे लागेल, याची उत्तरे आराखड्यावर नसतात. ती अभियंत्यांच्या अनुभवात, फसलेल्या चाचण्यांच्या नोंदींत आणि वर्षानुवर्षांच्या सवयीत दडलेली असतात. पहिल्या पातळीचे ज्ञान असलेली कंपनी वस्तू बनवू शकते. दुसऱ्या पातळीवर पोहोचलेली कंपनी ती बदलू शकते. करारनाम्यावर सही करून मिळते ते पहिले. दुसरे मिळवायचे तर ज्याने करार केला त्यालाच स्वतः हात काळे करावे लागतात.

चेतकचा धडा

पियाजिओशी झालेला बजाजचा करार १९७१ मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. त्यानंतर १९७२ मध्ये कंपनीने राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन 'चेतक' बाजारात आणली. परदेशी भागीदार निघून गेल्यावरही आकुर्डीच्या कारखान्यातील उत्पादन थांबले नाही, उलट वाढले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. अकरा वर्षांच्या सहकार्यात कारखान्याने उत्पादनाची विद्या खरोखरच आत्मसात केली होती. सुटे भाग देशात तयार होत होते, कामगार व पर्यवेक्षक तरबेज झाले होते आणि पुरवठादारांची साखळी उभी राहिली होती.

मात्र त्या स्कूटरची मूळ रचना व्हेस्पाचीच होती. परवाना पद्धतीच्या त्या काळात उत्पादनाच्या संख्येवरच सरकारी मर्यादा होती. नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षा करीत. जो माल तयार होण्याआधीच विकला गेला आहे, त्यात सुधारणा करण्याची निकड कोणाला वाटणार? साहजिकच रचना करण्याची क्षमता विकसित होण्याचे कारणच उरले नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९८० च्या दशकात बजाजने आपल्या स्कूटर पाश्चात्त्य बाजारपेठांत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पियाजिओने रचनेच्या हक्कांवरून तिला परदेशी न्यायालयांत आव्हान दिले. दर्जा आणि किंमत या दोन्ही बाबतींत स्पर्धा करू शकणारी कंपनी केवळ आराखडा आपला नाही म्हणून अडखळली.

शंभर सीसीची शाळा

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी केंद्र सरकारने दुचाकी क्षेत्राची दारे परदेशी सहकार्यासाठी काही अंशी उघडली. सवलत होती ती शंभर सीसीपर्यंतच्या इंजिनांपुरती. त्यामुळे थोड्याच काळात जपानच्या चारही बड्या कंपन्या भारतात आल्या आणि त्यांच्या भारतीय मोटारसायकलींच्या नावात शंभराचा आकडा आला. सुझुकीने तामिळनाडूतील टीव्हीएस समूहाशी हातमिळवणी केली आणि १९८४ मध्ये एएक्स १०० आली. होंडाने हीरो समूहाबरोबर हरियाणातील धारुहेडा येथे संयुक्त उपक्रम उभारला व १९८५ मध्ये सीडी १०० आणली. यामाहाची आरएक्स १०० एस्कॉर्ट्समार्फत त्याच वर्षी आली. बजाजने १९८४ मध्ये कावासाकीशी तांत्रिक सहकार्याचा करार केला आणि १९८६ मध्ये केबी १०० सादर केली. याच सुमारास पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर संयुक्त उपक्रम करून गिअर बदलण्याची कटकट नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आणली. त्या काळच्या शहरी कुटुंबांना, विशेषतः नोकरदार महिलांना, तिचे अप्रूप होते.

या करारांनी भारतीय उद्योगाला पहिल्या काही वर्षांत जे दिले ते निर्विवाद आहे. इंधनाची बचत करणारी हलकी इंजिने आली, अचूक मापाचे ओतकाम आणि यंत्रकाम आले, दर्जा तपासण्याची जपानी शिस्त आली. मुख्य म्हणजे ही शिस्त कारखान्याच्या कुंपणाबाहेर पोहोचली. देशी भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवण्याच्या सरकारी अटीमुळे जपानी मोजमापांत बसणारे भाग भारतातच बनवून घेणे भाग होते. बजाजने १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे कारखाना सुरू केला. त्याच्या आसऱ्याने एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉकसारखे पुरवठादार उभे राहिले. पुढे या दोन्ही कंपन्या परदेशी वाहन उद्योगालाही सुटे भाग पुरवू लागल्या. भागीदारीचा लाभ सही करणाऱ्या दोघांपुरता राहत नाही, तो असा परिसरात झिरपतो.

शिष्य अनेक, वाटा वेगळ्या

सगळ्यांचा आरंभ जवळपास एकाच वेळी आणि एकाच प्रकारच्या उत्पादनाने झाला होता. गुरूही एकाच देशातले होते. तरीही वीस-पंचवीस वर्षांनंतरचे चित्र अगदी भिन्न दिसते.

टीव्हीएस समूहाने सुझुकीशी करार करण्यापूर्वीच, १९८० मध्ये, दोघांना बसता येईल अशी 'टीव्हीएस ५०' ही मोपेड बाजारात आणली होती. म्हणजे स्वतः वाहन घडवण्याचा थोडाफार सराव तिच्या अभियंत्यांना आधीपासून होता. सुझुकीच्या मोटारसायकली बनवत असतानाही कंपनीने तो सोडला नाही. १९९४ मध्ये आलेली 'स्कूटी' हे त्याच स्वतंत्र कामाचे फळ. २००१ मध्ये टीव्हीएस आणि सुझुकी विभक्त झाले, तेव्हा अनेकांना कंपनीच्या भवितव्याची चिंता वाटली. त्याच वर्षी कंपनीने स्वतः विकसित केलेली चार स्ट्रोक इंजिनाची 'व्हिक्टर' आणली आणि ती चांगली खपली. २००२ मध्ये कंपनीला दर्जा व्यवस्थापनासाठी जपानचे डेमिंग पारितोषिक मिळाले. गुरूचे घर सोडल्यावर गुरूच्याच देशाने दिलेली ही पावती होती.

हीरो होंडाची कथा व्यवसाय म्हणून सर्वांत यशस्वी. कमी पेट्रोलमध्ये दूर जाणारी, देखभालीचा त्रास नसलेली मोटारसायकल तिने घरोघरी पोहोचवली. १९९४ मध्ये आलेल्या 'स्प्लेंडर'ने विक्रीचे उच्चांक गाठले आणि २००१ मध्ये वाहनांच्या संख्येच्या निकषावर ही कंपनी जगातील सर्वांत मोठी दुचाकी उत्पादक ठरली. परंतु या संसारात कामाची वाटणी ठरलेली होती. तंत्रज्ञान आणि रचना होंडाची, तर उत्पादन, वितरण व बाजारपेठेची नाडी हीरोची. कोणत्या देशांत निर्यात करायची यावरही मर्यादा होत्या. दरम्यान होंडाने १९९९ मध्ये भारतात स्वतःची वेगळी कंपनी स्थापन केली आणि २००१ मध्ये तिची 'अ‍ॅक्टिव्हा' बाजारात आली. भागीदार आता प्रतिस्पर्धीही झाला होता.

डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळे होण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये 'हीरो मोटोकॉर्प' हे नाव आले आणि होंडाचे तंत्रज्ञान वापरण्याची मुभा २०१४ पर्यंत मर्यादित झाली. सव्वीस वर्षे जे काम दुसऱ्याने केले, ते अवघ्या काही वर्षांत स्वतः शिकण्याची वेळ कंपनीवर आली. इंजिनासाठी युरोपातील सल्लागारांची मदत घेण्यात आली. अमेरिकेच्या एरिक ब्युएल रेसिंग या छोट्या कंपनीत २०१३ मध्ये हिस्सा घेतला गेला, पण २०१५ मध्ये त्या कंपनीचेच कामकाज बंद पडले. अखेर २०१६ मध्ये जयपूरजवळ कंपनीचे मोठे संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी संपूर्णपणे स्वतः विकसित केलेली पहिली मोटारसायकल बाजारात आली. या काळातही देशांतर्गत विक्रीतील आपले अग्रस्थान हीरोने बराच काळ टिकवले, हेही सांगितले पाहिजे. मजबूत वितरण आणि ग्राहकांचा विश्वास ही क्षमताच आहे, पण ती तांत्रिक क्षमता नव्हे.

कायनेटिकच्या वाट्याला मात्र असा अवसर आला नाही. १९९८ मध्ये होंडाने साथ सोडली. त्यानंतर कंपनीने कोरियाच्या ह्योसंग, इटलीच्या इटालजेट, तैवानच्या एसवायएम अशा अनेकांशी जुळवून पाहिले. भागीदार बदलत गेले, पण स्पर्धेत टिकेल एवढे बळ आले नाही. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्र समूहाकडे गेला.

बजाजची वाट या सर्वांहून थोडी वेगळी. कावासाकीशी तिचा करार तांत्रिक सहकार्याचा होता, संयुक्त कंपनीचा नव्हता. त्यामुळे निर्णय स्वतःच्या हाती राहिले. १९९१ मध्ये कावासाकीच्या तंत्रज्ञानावर आधारलेली चार स्ट्रोक इंजिनाची '४एस चॅम्पियन' आणि १९९८ मध्ये 'कॅलिबर' आली. ग्राहक स्कूटरकडून मोटारसायकलीकडे वळत होते आणि चेतकच्या बळावर उभी असलेली कंपनी संकटात सापडण्याची चिन्हे होती. त्या दडपणातून २००१ मध्ये 'पल्सर' जन्मली. ती कावासाकीची नव्हती. बजाजच्या अभियंत्यांनी जपानमधील 'टोकियो आर अँड डी' या अभियांत्रिकी संस्थेचे साहाय्य घेतले, पुढे ग्लिन केर या ब्रिटिश रचनाकाराचीही मदत झाली. पण काय हवे हे ठरवणारे, चाचण्या करणारे आणि चुका निस्तरणारे लोक कंपनीचे होते. २००३ मध्ये तिला एका सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग वापरणारे इंजिन मिळाले. याच तंत्राच्या पेटंटवरून २००७ मध्ये बजाज आणि टीव्हीएस यांच्यातील वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. त्यात कोणाची बाजू योग्य, हा कायद्याचा वेगळा प्रश्न. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, जी कंपनी कधी काळी दुसऱ्याच्या आराखड्यावरून न्यायालयात ओढली गेली होती, ती आता स्वतःच्या शोधाचा हक्क सांगत होती.

मुरवून घेण्याची ताकद

हा फरक कशामुळे पडला? वेस्ली कोहेन आणि डॅनिएल लेव्हिन्थाल या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलेली एक संकल्पना येथे उपयोगी पडते. बाहेरचे ज्ञान ओळखण्याची, ते पचवण्याची आणि व्यवसायात वापरण्याची कंपनीची ताकद ही तिने आधी स्वतः केलेल्या कामावर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संशोधनावर होणारा खर्च नवे काही शोधण्यासाठी तर असतोच, पण दुसऱ्याने शोधलेले समजून घेण्यासाठीही असतो. कोरडी ठणठणीत जमीन पहिल्या पावसाचे पाणी धरत नाही, ते वाहून जाते. आधी नांगरलेल्या रानात मात्र तेच पाणी मुरते. तंत्रज्ञानाचेही तसेच आहे.

या कसोटीवर वरील उदाहरणे पाहिली की काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, ज्यांनी करार चालू असतानाच स्वतःचे एखादे स्वतंत्र उत्पादन समांतर विकसित केले, त्यांना करार संपल्यावर धक्का कमी बसला. दुसरी, करारातील कामाची वाटणी जितकी सोयीची, तितकी ती शिकण्याच्या मुळावर येणारी. भागीदार उत्तम इंजिन देत असेल आणि नफा होत असेल, तर स्वतःच्या इंजिनावर खर्च करण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे मांडायला कोण धजावणार? तिसरी, गरज. चेतकच्या काळात स्पर्धा नव्हती म्हणून रचनेची विद्या आली नाही. पल्सरच्या काळात स्पर्धेने गळ्याशी हात घातला होता म्हणून ती आली. आणि चौथी, भागीदाराचा हेतू. तंत्रज्ञान देणारी कंपनी धर्मादाय संस्था नसते. तिला बाजारपेठ हवी असते आणि ती समजली की हात सोडायला ती मोकळी असते. यात विश्वासघात शोधण्याचे कारण नाही. ती व्यवहाराची रीतच आहे, फक्त पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवायला हवी.

देवाणघेवाणीचे दुसरे पर्व

स्वतःची क्षमता आली म्हणजे भागीदारीची गरज संपते, असे मात्र नाही. उलट त्यानंतरच खऱ्या अर्थाने बरोबरीची भागीदारी शक्य होते. नोव्हेंबर २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढे तो वाढवत नेला. केटीएमकडे शर्यतींचा वारसा आणि अधिक शक्तीच्या इंजिनांचे ज्ञान होते. बजाजकडे लहान इंजिनांचा अनुभव होता आणि कमी खर्चात, मोठ्या संख्येने, दर्जा राखून उत्पादन करण्याचे कसब होते. दोघांनी मिळून विकसित केलेली १२५ ड्यूक २०११ पासून चाकणहून युरोपात जाऊ लागली, तर २०१२ च्या प्रारंभी २०० ड्यूक भारतात आली.

या सहकार्यातील शिकणे कुठे दिसते? २०० ड्यूकच्या इंजिनाचा पाया घेऊन बजाजने २०१२ मध्येच 'पल्सर २०० एनएस' आणली. पण इंजिनाचा वरचा भाग बदलून, तीन स्पार्क प्लग वापरून आणि किंमत आवाक्यात ठेवून. २०१६ च्या 'डॉमिनार ४००'च्या बाबतीतही तेच घडले. भागीदाराकडून आलेले तंत्र जसेच्या तसे न वापरता आपल्या ग्राहकाला साजेसे बदलता येणे, हीच ती दुसऱ्या पातळीची विद्या. पुढे ट्रायम्फशी भांडवली गुंतवणुकीविना करार झाला आणि २०२३ मध्ये 'स्पीड ४००' आली. टीव्हीएसनेही २०१३ मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यूशी करार केला. त्यातून तयार झालेल्या ३१३ सीसी इंजिनावर बीएमडब्ल्यूची जी ३१० आर आणि टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० अशी दोन्ही घराण्यांची अपत्ये तामिळनाडूतील होसूरच्या कारखान्यात जन्मली. हीरोने अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनशी २०२० मध्ये केलेल्या करारातून २०२३ मध्ये एक्स ४४० आली. या वेळी हीरो केवळ विक्रेता किंवा जोडणी करणारा नव्हता.

केटीएमच्या कहाणीला नंतर मिळालेले वळण कोणी कल्पिले नसते. उत्पादन वाढत गेले, माल पडून राहिला, कर्ज डोईजड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपनीला ऑस्ट्रियातील न्यायालयाकडे दिवाळखोरीविषयक संरक्षण मागावे लागले. २०२५ मध्ये बजाजने मोठे अर्थसाहाय्य देऊन तिला सावरले आणि नियंत्रण आपल्याकडे घेतले. हा विजय म्हणून मिरवण्याचा विषय नाही, कारण त्यात बजाजचाही बराच पैसा अडकला आहे. भागीदारी जितकी घट्ट, तितकी एकमेकांच्या दुखण्यांत वाटेकरी होण्याची वेळ अधिक, हेही यातून ध्यानात येते.

पुन्हा एकदा शाळेत

आज हा इतिहास आठवण्याचे कारण आहे. विद्युत वाहनांनी दुचाकी उद्योगाची पाटी पुन्हा कोरी केली आहे. इंजिन, गिअर, कार्ब्युरेटर यांवर चार दशकांत मिळवलेल्या प्रभुत्वाचे मोल कमी होत चालले असून बॅटरीचे सेल, मोटर, नियंत्रक आणि सॉफ्टवेअर यांना महत्त्व आले आहे. २०२० च्या जानेवारीत बजाजने 'चेतक' हे जुने नाव विद्युत स्कूटरला दिले. त्याच महिन्यात टीव्हीएसची आयक्यूब आली. हीरोने २०१६ पासूनच एथर या नवउद्योगात गुंतवणूक केली होती. वाहनाची रचना आणि जुळणी देशात होते, पण लिथियम-आयन सेल मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांवर निर्यात निर्बंध घातले, तेव्हा मोटरसाठी त्याच चुंबकांवर अवलंबून असलेल्या विद्युत दुचाकींच्या उत्पादनाला त्याची झळ बसली. आराखडा आपला असला तरी काळजाचा तुकडा दुसऱ्याकडे असेल, तर काय होते याचा हा ताजा अनुभव.

त्यामुळे येत्या काळात सेल, चुंबके, चिप यांसाठी परदेशी कंपन्यांशी नवे करार होतील आणि ते व्हायलाही हवेत. एकट्याने सर्व शिकण्याइतका वेळ कोणाकडेच नाही. भोसरी, पिंपरी, चाकण आणि वाळूजच्या शेकडो लघुउद्योजकांपुढेही हाच प्रश्न आहे. कालपर्यंत इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कार्यशाळेला उद्या मोटरचे भाग बनवायचे असतील, तर तिलाही कोणाचा तरी हात धरावा लागेल.

हात धरण्यापूर्वी मात्र काही प्रश्नांची उत्तरे करारनाम्यात शोधली पाहिजेत. मिळणाऱ्या आराखड्यात बदल करण्याची मुभा आहे का? आपले अभियंते भागीदाराच्या चाचणीगृहात जाऊन काम करू शकतील का, की केवळ तयार पेटी उघडून जुळणी करतील? सुधारणा केली तर तिच्यावर हक्क कोणाचा? माल कोणत्या देशांत विकता येईल? आणि सर्वांत महत्त्वाचे, करार चालू असताना त्याच विषयावर स्वतःचे काम करण्यासाठी दरवर्षी किती पैसा व किती माणसे बाजूला ठेवली जाणार आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शून्य असेल, तर बाकीच्या उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही. प्रत्येक करारावर मुदत लिहिलेली असते. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात कोणते काम करता येईल, याचा विचार सही करण्याच्या दिवशीच झालेला बरा.